चौकट कोणी फिरवली

अहवाल अकरा पानांचा होता आणि त्यात माझं कौतुक होतं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आमच्या कारखान्यात कागदावर कौतुक होतं ते एक तर माणूस निवृत्त होतो तेव्हा, नाही तर यंत्र भंगारात निघतं तेव्हा. माझ्या निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. नवव्या पानावर बाकीचं स्पष्टच लिहिलं होतं. चुंबकी थराचं काम बंद करावं, थर चढवण्याचं यंत्र मोडीत काढावं, शुक्रवारी मालकीणबाईंची त्याला मंजुरी घ्यावी. आणि त्याखाली, मला बरं वाटावं म्हणून एक ओळ होती: 'यंत्रचालक महिलेचे एकोणीस वर्षांचे काम निर्दोष आहे. अपयश पदार्थाचे आहे, हाताचे नाही.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाताला शाबासकी द्यायची आणि त्या हाताने केलेली वस्तू कचऱ्यात टाकायची, ही कुठली रीत?

आधी काम काय ते सांगते, म्हणजे माझा राग कळेल. बॅटरीतली वीज जशीच्या तशी कशालाच चालत नाही. श्रवणयंत्राला वेगळी लागते, घड्याळाला वेगळी. ती उतरवून द्यायला एक इवलासा भाग असतो, आणि तो वीज साठवतो आणि सोडतो, साठवतो आणि सोडतो, सेकंदाला कोट्यवधी वेळा. साठवायचं काम तांब्याच्या कॉइलचं. तिच्या पोटात चुंबकी धातू लागतो. बाकीचे सगळे भाग वर्षागणिक बारीक झाले, ही बया मात्र होती तशी गलेलठ्ठ राहिली. तिला सडपातळ करायचं आमचं काम. ठोकळ्याऐवजी चुंबकी धातूचा थर, मध्ये काचेसारखा पातळ पडदा, परत थर, परत पडदा, असे वीस थर. सगळे मिळून केसाच्या जाडीचा दहावा हिस्साही भरत नाहीत. ते चढतात माझ्या यंत्रात. पोलादी पिंप, आतली सगळी हवा काढलेली, खिडकीतून दिसणारा जांभळा उजेड, आणि तळाशी पंजाएवढी एक चकती.

या थराला दिशा असते, फळीला रेषा असते तशी. थर चढताना दोन बाजूंना चुंबक ठेवायचे, म्हणजे थरातलं चुंबकत्व त्या दिशेला तोंड करून बसतं. कॉइलने त्याला आडवं ओढायचं. आडवं ओढलं की ते चटकन झुकतं आणि चटकन परत येतं, कुरकुर नाही. उभं, म्हणजे त्याच दिशेत ओढलं तर आधी जागचं हलत नाही आणि मग धाडकन उलटं पडतं. त्यात वीज फुकट जाते आणि कॉइल तापते. ते दोन चुंबक ज्यात बसवलेत ती चौकट. चौकोनी, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. महिन्यातून एकदा ती काढून घासावी लागते, कारण थर चकतीवर बसतो तसा चौकटीवरही बसतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. चौकट मीच काढते, मीच घासते, मीच लावते. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही, आणि हे मी येईल त्याला सांगत आलेय.

शेवटची खेप बारा चकत्यांची होती. नऊ चकत्यांवर कॉइली केल्या होत्या, तीन नुसत्या थराच्या होत्या. नऊच्या नऊ कॉइली तापल्या. त्यावरून साहेबांनी अकरा पानं लिहिली. साहेब वाईट माणूस नाही. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला 'काकू' म्हणतात, आणि यंत्राचे आकडे त्यांना तोंडपाठ असतात. यंत्र मात्र तोंडपाठ नाही.

अहवाल काखेत मारून मी मापनाच्या खोलीत गेले. तिथे मापाडी बसतो. हे काही त्याचं खरं नाव नाही, पण त्याची बायकोसुद्धा फोनवर 'मापाडी आहेत का?' असंच विचारते. अकरा वर्षं तो चकत्या मोजतोय, कागदावर लिहिलंय तितकं आणि तसंच. लिहिलेलं नसेल तर त्याच्या हातून टाचणीही हलणार नाही.

"गेल्या खेपेचं चित्र दाखवा," मी म्हटलं.

"ताई, आकडे दिलेत की अहवालात. पान चार."

"आकडे नकोत हो. चित्र."

"चित्र कोणी मागत नाही," तो म्हणाला, पण त्याने काढलं.

चुंबकाने ओढल्यावर थर कसकसा वळतो त्याचा आलेख असतो हा. पडद्यावर चौकोन उमटला. स्वच्छ, काटकोनी, खोक्यासारखा. मी चष्मा पुसून परत बघितला. वाईट थराचं चित्र असं नसतं. वाईट थर सुजलेला दिसतो, गालगुंड झाल्यासारखा. आडवा मोजला तर चांगल्या थराची बारीक तिरकी रेघ उमटते, आणि उभा मोजला तर असा खडखडीत चौकोन. म्हणजे थर चांगला होता. नुसता चांगला नाही, इतका सरळ चौकोन मी माझ्या जन्मात बघितला नव्हता. फक्त आपण त्याच्याकडे भलत्या बाजूने बघत होतो, आणि कॉइलीही भलत्याच बाजूने बसल्या होत्या.

"हे तुम्हाला दिसलं नाही?" मी विचारलं.

"आकडा मर्यादेबाहेर होता. मी 'नापास' लिहिलं."

"चकती पाव फेरा फिरवा."

"फिरत नाही. खुंटी आहे." चकतीची एक कड सपाट असते, ती त्या खुंटीला टेकवायची असते, म्हणजे प्रत्येक चकती एकाच बाजूने मोजली जाते.

"मग खुंटी काढा."

"खुंटी काढायचं कुठे लिहिलेलं नाही."

"मापाडी, शुक्रवारी माझं यंत्र भंगारात जातंय."

"मला वाईट वाटतंय ताई," तो म्हणाला, आणि खरंच वाटत होतं त्याला. "पण लेखी द्या."

मी अहवालाचं नववं पान उपटलं आणि पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं: खुंटी काढून चकती पाव फेरा फिरवून मोजावी, जबाबदारी माझी. सही केली, तारीख घातली. त्याने ते दोनदा वाचलं, फाइलला लावलं, आणि मगच खुंटी सोडवायला पाना हातात घेतला.

रेघ आली. सुईने ओढल्यासारखी बारीक, तिरकी, सरळ. मापाडी खुर्चीतून उठून उभाच राहिला. मग लिहून न मागता, आपणहून, त्याने ती चकती वरच्या वारंवारितेच्या मोजणीला लावली, सेकंदाला दहा कोटी वेळा हेलकावे देणाऱ्या. आकडे एकेक करून येत गेले. वाया जाणारी वीज जवळजवळ नाहीच.

"अकरा वर्षांत असा थर मोजलेला नाही," तो म्हणाला.

मी टेबलावर थाप मारली. मोठ्याने हसले. आता साहेबांना दाखवते, उंटावरून शेळ्या हाकतात ते, असं काहीबाही बोलले. अंगात वारं शिरलं होतं माझ्या. तेवढ्यात मापाडीने विचारलं, अगदी साधेपणाने, त्याच्या मनात काही नव्हतं:

"पण ताई, मग चौकट फिरवली कोणी?"



चौकटीला दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही. हे वाक्य मी एकोणीस वर्षं मिरवलं होतं. आता ते माझ्यासमोर येऊन उभं राहिलं आणि हलेना.

आणि मग तो दिवस आठवला. दीड महिन्यापूर्वीचा, ही खेप चढवायच्या आदल्या दिवशीचा. सकाळी साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, काकू, यंत्राचं काम आणखी कोणाला तरी शिकवा. मी ऐकून घेतलं नाही. मला घालवायचा डाव आहे असं तोंडावर बोलले आणि पाय आपटत खाली आले. त्या दिवशी चौकट घासायची पाळी होती. घासताना मनात साहेबांना उत्तरं देत होते. एकेक उत्तर असं की बोलती बंद. चौकटीवर वरची बाजू कळायला लाल रंगाचा ठिपका असायचा. घासून घासून तो कधीच उडून गेला होता, पण मला ठिपका लागतो कशाला, या मिजाशीत मी तो परत लावलाच नव्हता. चौकोनी वस्तू चारी बाजूंनी बसते. ती बसली. मी स्क्रू आवळले, दातओठ खाऊन आवळले.

मापाडीला माझ्या तोंडावरून कळलं. तो माणूस आकडे वाचतो, पण अगदीच बिनडोक नाही. त्याने फाइलमधला माझा कागद काढला आणि पुढे धरला.

"हा फाडू का? मी काही मोजलंच नाही. अहवालात तुम्ही निर्दोष आहात. तसंच राहील."

त्याने लेखी कागद फाडायची तयारी दाखवली, हे त्याच्यासाठी किती मोठं होतं ते मला माहीत आहे. तरी मी खेकसले. "फाडलात तर बोटं मोडीन. परत लावा तो."

पण घरी जाताना तो कागदच डोळ्यांसमोर होता. खोटं कशाला बोलू? त्याने विचारलं तेव्हा क्षणभर वाटलं होतं, फाडू दे.

घरी सासूबाई. एक्याऐंशी वर्षांच्या, तीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत नोकरी केलेल्या. कोणाचं काय चाललंय ते न विचारता ओळखायची सवय तिथूनच लागली असावी. मी सगळं सांगितलं. नवरा नेहमीप्रमाणे पेपरात तोंड घालून बसला होता, पण पान उलटायचं विसरला होता.

"गप्प बस," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे तोंड मिटून. तीन वर्षं राहिलीत तुझी. यंत्र गेलं तर गेलं, तुला दुसरीकडे बसवतील. माझी सून एकोणीस वर्षांत एकदा चुकली नाही, असं मी चार जणींना सांगत असते. आता काय सांगू? रागाच्या भरात चौकट उलटी लावली म्हणून?"

"पाव फेरा. उलटी नाही."

"बघ, अजून भांडतेयस. या स्वभावानेच घात केलाय तुझा."

"पण आई, थर चांगला आहे! असा थर कोणी चढवलेला नाही. तो भंगारात गेला तर मी निर्दोष राहून करू काय? चुलीत घालू ते निर्दोषपण?"

त्यांनी कानातलं श्रवणयंत्र काढून टेबलावर ठेवलं. आमच्या घरात चर्चा संपल्याची ती खूण. मग, आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे दुसऱ्यालाही येत नसावं अशा मोठ्या आवाजात, नवऱ्याला म्हणाल्या, "ही जाणार. सांगून ठेवते, ही शुक्रवारी तिथे जाऊन बोलणार. हिच्या नाकावरचा राग कधी उतरलाय?"

"आई, मला यातलं काही कळत नाही," नवरा म्हणाला आणि शेवटी पान उलटलं.

मला सासूबाईंचा राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. मंजुरी मिळेपर्यंत मी मूग गिळून बसले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. यंत्र तुकडे होऊन गेलं असतं आणि माझ्या निरोपाच्या दिवशी साहेबांनी तीच ओळ वाचून दाखवली असती. ती ओळ ऐकत मी टाळ्या घेत उभी आहे, हे डोळ्यांसमोर आलं आणि माझं मलाच किळसवाणं वाटलं. तिथेच ठरलं.

शुक्रवारी अकरा वाजता बैठक सुरू झाली. मला बोलावणं नव्हतं. दोन चित्रं, चकतीची डबी आणि यंत्रातून काढलेली चौकट घेऊन मी दार ढकललं. मागे मापाडी होता, फाइल छातीशी धरून. त्याला मी या म्हटलं नव्हतं.

"काकू, बैठक चालू आहे," साहेब म्हणाले.

"चालू असतानाच यायचं होतं. संपल्यावर येऊन काय करू?"

मालकीणबाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या. वडिलांच्या मागे हा कारखाना त्यांनीच चालवला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. मी बसले नाही. चित्रं पुढे ठेवली आणि सांगितलं. हा चौकोन, ही रेघ, चकती एकच. थर उत्तम आहे. कॉइली तापल्या, कारण थराची दिशा पाव फेरा फिरली होती. मापाडीने न विचारता आकडे वाचून दाखवले.

साहेबांनी चित्र हातात घेतलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही, तेवढी हुशारी आहे त्यांच्यात. कानशिलं लाल झाली. अकरा पानं लिहिण्याआधी त्यांनी एकदाही चित्र मागितलं नव्हतं.

"दिशा कशी फिरली?" मालकीणबाईंनी विचारलं.

"साफसफाईत कधी कधी होतं असं," साहेब घाईने म्हणाले. "तपास करावा लागेल. एकदम कोणावर खापर फोडणं—"

"मी फिरवली," मी म्हटलं.



"इथे लिहिलंय, एकोणीस वर्षं निर्दोष," मालकीणबाई म्हणाल्या.

"ते खोटं आहे. खोडून टाका."

"आणि एवढा अनुभवी हात असा चुकत असेल, तर हे काम भरवशाचं कसं म्हणायचं?"

साहेबांनी मान वर केली. "तोच प्रश्न आहे, बाई. आज दिशा, उद्या आणखी काही. पदार्थ चांगला असेलही, पण—"

मला वाटलंच होतं. माझ्या कबुलीचीच कुऱ्हाड करून यंत्रावर घालतील. मी चौकट टेबलावर ठेवली, जरा जोरातच.

"ही बघा. चौकोनी आहे. चारी बाजूंनी बसते. दोन बाजूंनी बरोबर आणि दोन बाजूंनी चूक. ज्याने अशी घडवली तोही चुकला आणि एकोणीस वर्षं अशीच वापरली ती मीही चुकले. एक कोपरा कापा हिचा. यंत्रातली खाचही तशीच करा. मग ती एकाच बाजूने बसेल. मला रागातसुद्धा वाकडी लावता येणार नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे. अर्ध्या दिवसाच्या कामासाठी तुम्ही यंत्र भंगारात घालणार?"

"राग कशाचा होता?" मालकीणबाईंनी विचारलं.

हे मला सांगायचं नव्हतं. पण आता अर्धं सांगून उपयोग नव्हता. "साहेब म्हणाले दुसऱ्या कोणाला शिकवा. मला वाटलं, मला घालवायचा डाव आहे."

"होता का?" त्यांनी साहेबांकडे बघितलं.

"नाही." साहेबांचा आवाज खाली गेला. "काकूंना दोन महिन्यांपूर्वी ताप आला होता. आठ दिवस यंत्र बंद होतं. कोणालाच चालवता येत नव्हतं. म्हणून म्हटलं."

मला लाज वाटली. मान वर करवेना अशी लाज. आठ दिवस ते माझ्या तब्येतीची चौकशी करत होते हेही आठवलं. पण लाज वाटली म्हणून मी दाराकडे वळले नाही. चौकटीवर हात ठेवून तिथेच उभी राहिले.

"त्याबद्दल मी चुकले," मी म्हटलं. "तेही लिहा हवं तर. पण थर चुकलेला नाही. माझ्या चुकीची शिक्षा त्याला नको."

मालकीणबाईंनी चकतीची डबी उघडली, झाकण हातात धरून बराच वेळ आत बघितलं. आरशासारखी चकती. त्यांचा चेहरा तीत दिसत असणार.

"आणखी एक खेप," त्या म्हणाल्या. "कोपरा कापून. ती पास झाली तर यंत्र राहील, नाही झाली तर मी कोणाचं ऐकणार नाही. आणि बाई, तुम्ही एकटीने चालवायचं नाही. दोघांना शिकवायचं, सगळं, लपवाछपवी न करता. चौकटीला त्यांचे हात लागतील. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. सोपं नव्हतं ते.

साहेबांनी तिथेच नवं पान लिहिलं. त्यांचं अक्षर सुंदर आहे. लिहून झाल्यावर पान माझ्याकडे वळवलं आणि हळूच म्हणाले, "काकू, वाचा. नाव घातलेलं नाही. साफसफाईच्या वेळी चौकटीची दिशा बदलली, एवढंच लिहिलंय. उगाच तुमच्या नोंदीत डाग कशाला? तीन वर्षं राहिलीत."

माणूस चांगला आहे, म्हटलं ना. मला खरंच भरून आलं. मी पान वाचलं. 'चौकटीची दिशा बदलली होती. थराचा दर्जा उत्कृष्ट आढळला.' कोणी बदलली नाही, कोणी चढवला नाही. सगळं आपोआप झालेलं.

"पेन द्या," मी म्हटलं.

"काकू, खरंच गरज नाही."

"साहेब, पेन."

त्यांनी दिलं. त्यांच्या सुंदर अक्षराखाली मी माझ्या गिचमिड अक्षरात लिहिलं: 'चौकट मी फिरवली. थर मी चढवला.' मग माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांचं आणि नवऱ्याचंही घालून, आणि पान मालकीणबाईंकडे सरकवलं.